डिसेंबरात १८ वेतं येताहेत: १२ शेळ्या, ६ मेंढ्या. पाच आठवड्यांत काय काय करून ठेवू?

बोरीकाठ (पारोळा), २ नोव्हेंबर

राम राम मंडळी. आधी माहिती देतो, म्हणजे उलटे प्रश्न कमी येतील.

गावरान शेळ्या १२, त्यात चार पहिलारू (पहिल्यांदाच विणाऱ्या). दख्खनी मेंढ्या ६. बोकड आणि मेंढा १० जुलैला कळपात सोडले, १० ऑगस्टला काढले. गोठा २० बाय ३० फूट, लांबी पूर्व-पश्चिम, पत्रा ९ फुटांवर, तीन बाजूंना जाळी. घरचा मका आहे, ज्वारीचा कडबा आहे, भुईमुगाचा पाला आणि थोडं तुरीचं कुटार आहे. सरकीची ढेप विकत. हिरव्यात पाच गुंठे दशरथ घास आणि बांधावर सुबाभूळ. रात्रीच्या लाईनीचा भरवसा नाही.

विचारायचं असं: खुराक कधीपासून आणि किती? गाभणपणात लस आणि जंताचं औषध चालतं का? थंडीसाठी गोठ्यात काय करू? सामान काय आणून ठेवू? शेळी अडली तर किती वेळ थांबायचं? आणि घरातले मोठे म्हणतात की वार (पिलामागून पडणारा जार) पडल्याशिवाय पिलाला सडाला लावायचं नाही. हे कितपत खरं?

---

गिरणाथडी (भडगाव)

भाऊ, पहिलं काम तारखा मांडायचं. शेळीचे १५० दिवस, पाच इकडे पाच तिकडे. मेंढीचे १४७ धरा. १० जुलैला लागलेली शेळी ७ डिसेंबरला, १० ऑगस्टची ७ जानेवारीला. पोटातल्या पिलाची सत्तर टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते, म्हणजे तुमच्या पहिल्या शेळीचे सहा आठवडे २६ ऑक्टोबरलाच सुरू झाले. खुराक कालपासून हवा होता असं समजा आणि आजपासून लागा.

नुसत्या कडब्यावर आता का भागत नाही? पिलं वाढतात तशी पोटात जागा कमी पडते. जुळ्यांची शेळी पोटभर कडबा खाऊच शकत नाही आणि खाल्ला तरी त्यात दम नसतो. म्हणून कमी जागेत जास्त ताकद द्यायची.

१० किलो खुराकाचं माप: मक्याचा भरडा ४ किलो, सरकी ढेप २.५ किलो, गव्हाचा कोंडा २ किलो, तूरचुनी १.२ किलो, खनिज मिश्रण २०० ग्रॅम, मीठ १०० ग्रॅम. मेंढ्यांचं खनिज मिश्रण वेगळं लागतं, ते कोणी मेंढीवाला सांगेलच. सुरुवात १०० ग्रॅमने, दर तीन-चार दिवसांनी ५० ग्रॅम वाढवत ३०० ग्रॅमवर न्या. पोट दोन्ही अंगांनी सुटलेलं दिसतंय तिला ४०० ग्रॅम, पण दोन वेळात विभागून. एकदम मका टाकलात तर पोट आंबतं आणि शेळी बसते. सगळ्यांचा सरासरी ३०० ग्रॅम धरला तर १८ जनावरांना दिवसाला ५ किलो ४०० ग्रॅम, सहा आठवड्यांना सव्वादोन क्विंटल. व्याल्यावर दुधासाठी लागणारा खुराक यात धरलेला नाही.

यंदाचा मका नीट वाळलाय का ते पाहा. ओला भरला असेल आणि कणसाच्या टोकाला काळी-हिरवी बुरशी दिसत असेल तर तो गाभण जनावरापुढे नको. ढेपेचंही तेच, ढेकूळ फोडून वास घ्यायचा.

खुराक सगळ्यांना सारखा देऊ नका. कमरेच्या मणक्यांवर हात फिरवा. मणक्यांची टोकं बोटांना टोचतात ती वाळलेली, तिला वाढवा. दाबूनही हाताला लागत नाहीत ती अंगावर आलेली, तिला वाढवायचा नाही आणि एकदम तोडायचाही नाही. शेवटच्या तीन आठवड्यांत अडचणीत येतात त्या याच दोन टोकांच्या, त्यातही जुळी-तिळी असलेल्या. शेळी कळपातून बाजूला उभी राहते, खुराक सोडते, दात खाते, मान वर करून कुठेतरी बघत राहते, तोंडाला गोडसर वास येतो. रक्तातली साखर उतरलेली असते आणि शरीर चरबी जाळत असतं. गूळपाण्यावर दिवस काढू नका. प्रोपिलीन ग्लायकॉल ६० मिली सकाळ-संध्याकाळ तोंडाने सुरू करा आणि त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. ही बाटली आधीच आणलेली बरी, रविवारी संध्याकाळी दुकान उघडं नसतं.

जंताचं औषध ३-४ नोव्हेंबरला, आंत्रविषाराची (आतड्यात विष होऊन अचानक मारणाऱ्या रोगाची) लस त्यानंतर आठ दिवसांनी. विण्याच्या सुमाराला शेळीची प्रतिकारशक्ती उतरते, पोटातले जंत भराभर अंडी टाकतात आणि ती सगळी त्याच जमिनीवर पडतात जिथे महिनाभराने करडं तोंड घालणार असतात. अल्बेंडाझोल गाभण शेळीला द्यायचं नाही, फेनबेंडाझोल द्या.

---

सातपुडा पायथा (यावल)

गोठ्याचं मी सांगतो. थंडीपेक्षा वाईट आहे तो जमिनीलगतचा वारा आणि ओल. पारा ८ वर आला तरी कोरडं, पोट भरलेलं करडू टिकतं. ओलं करडू १५ वरही गार पडतं.

जाळीला उत्तर आणि पूर्व बाजूने खालून चार फुटांपर्यंत बारदान शिवून लावा, वर मोकळं सोडा. ताडपत्रीने पार वरपर्यंत बंद केलेल्या गोठ्यात पहाटे शिरलं की मुताच्या वासाने डोळे चुरचुरतात. तीच हवा पिलांच्या छातीत जाते आणि मग सगळे म्हणतात थंडीने न्यूमोनिया झाला.

विण्यासाठी ५ बाय ५ फुटांचे तीन कप्पे करा. बांबूचे ताटवे चालतात, पण फट चार इंचांपेक्षा मोठी नको, करडू मान घालून अडकतं. एक शेळी कप्प्यात दोन-तीन दिवस, मग पिलांसह मोकळी. १८ वेतं महिनाभरात पसरलेली आहेत, तीन कप्पे पुरतील. दोन वेतांच्या मध्ये जुनं अंथरूण उचलायचं, विझवलेला चुना भुरभुरायचा, एक दिवस वाळू द्यायचं, मग नवं अंथरूण. कळीचा चुना टाकू नका, ओल्या खुरांना आणि सडांना भाजतो.

अंथरुणाला गव्हाचं काड उत्तम. आमच्याकडे केळीची सुकी पानं फुकट मिळतात म्हणून लोक तीच टाकतात. मऊ असतात, पण पाणी शोषत नाहीत आणि खाली ओल धरून कुजतात. टाकायचीच तर खाली तीन बोटं कोरडी माती, वर पानं, आणि रोज बदला.

बल्बबद्दल मतभेद होतील. माझं मत: लाईनीचा भरवसा नसेल तर बल्बवर विसंबू नका. उबेची सवय लागलेली पिलं रात्री दोनला लाईन गेली की एकावर एक पडतात. त्यापेक्षा कोपऱ्यात तीन बाजूंनी बंद, दीड फूट उंच खोकं करा, पुढून फक्त करडू जाईल एवढं तोंड, आत काड. चार करडं एकत्र बसली की स्वतःच ऊब धरतात. बल्ब लावलाच तर साखळीने टांगा, काडापासून तीन फूट वर, आणि वायर शेळीच्या तोंडाला लागणार नाही अशी. बंद गोठ्यात कोळशाची शेगडी ठेवून झोपायचं नाही. धुराने नाही, न दिसणाऱ्या वायूने जनावर आणि माणूस दोन्ही जातात.

दरवाजा किती रुंद आहे? अडीच फुटांच्या दारातून संध्याकाळी १८ गाभण जनावरं एकदम घुसली की पोटावर दाब येऊन गाभ पडतात. दोन्ही फळ्या उघडा किंवा पाच-पाच सोडा. गव्हाणीला जनावरामागे दीड फूट धरा, म्हणजे तुम्हाला २७ फूट लागेल. कमी असेल तर दांडग्या शेळ्या पहिलारूंना खाऊ देत नाहीत.

आणि पाणी. टाक्यातलं पाणी पहाटे बर्फासारखं असतं, शेळी तोंड लावते आणि सोडते. बोअरचं ताजं पाणी कोमट येतं, तेच सकाळी पाजा.

---

बोरीकाठ (पारोळा)

दार अडीचच फूट आहे. एक फळी कायमची खिळ्याने बंद केलेली होती, आजच काढतो. वार आणि चिकाचं (व्याल्यावरच्या पहिल्या घट्ट दुधाचं) कोणी बोललं नाही अजून.

---

पशुवैद्यक, चोपडा तालुका

आधी एक दुरुस्ती. अल्बेंडाझोल पहिल्या दीड महिन्यात टाळायचं, कारण तेव्हा पिलाचे अवयव घडत असतात. तुमच्या शेळ्या तीन-चार महिन्यांच्या गाभण आहेत, त्यांना तो धोका राहिलेला नाही. तरी फेनबेंडाझोल निवडणं योग्य. शेळीला मेंढीपेक्षा किलोमागे जास्त डोस लागतो, म्हणून वजन करा आणि डोस दवाखान्यातून ठरवून घ्या. अंदाजाने कमी पाजलं की जंत मरत नाहीत, औषधाला सरावतात.

आंत्रविषाराची लस पूर्वी कधीच दिली नसेल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. आईच्या रक्तातलं संरक्षण चिकातून पिलाला जातं, म्हणूनच ती विण्याआधी महिनाभर द्यायची. लस बर्फाच्या थर्मासमधून आणा, खिशातून आणलेली लस म्हणजे पाणी. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) लस मात्र आता नको, करडं तीन-चार महिन्यांची झाली की त्यांना द्या.

आता तुमचा खरा प्रश्न. वार पडेपर्यंत पाजायचं नाही, ही समजूत चुकीची आहे आणि तीच सर्वात जास्त करडं मारते. पिलाच्या आतड्यातून चिकातलं संरक्षण रक्तात जायला वाट असते ती जन्मल्यापासून. सहा तासांनंतर ती झपाट्याने अरुंद होते आणि २४ तासांत बंद. वार पडायला सहा-आठ तास लागू शकतात. तोवर थांबलात तर निम्मा चीक वाया गेला. शिवाय करडू सडाला लागलं की शेळीच्या शरीरात पान्हा सोडणारं संप्रेरक सुटतं. त्यानेच गर्भाशय आवळतं आणि वार सुटायला मदत होते. म्हणजे पाजल्याने वार लवकर पडते.

माप: २ किलोच्या करडाला पहिल्या एक-दोन तासांत १०० मिली, पहिल्या २४ तासांत एकूण ३०० ते ४०० मिली. पाजण्याआधी प्रत्येक सडातून दोन-तीन धारा काढा, सडाच्या तोंडाशी घट्ट बुच बसलेलं असतं. अशक्त करडू तासभर ओढत राहतं आणि बुच निघालेलंच नसतं, हे फार वेळा होतं.

१२ तासांत वार पडली नाही तर बोलवा. ओढायची नाही, तिला दगड किंवा चप्पल बांधायची नाही. अर्धी तुटून आत राहिली की कुजते. पडलेली वार हातमोजा घालून उचला, तीन फूट खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्र्यांच्या तोंडी जाऊ देऊ नका.

अडणं कसं ओळखायचं. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंचे दोरीसारखे अस्थिबंध (हाडं बांधणारे पट्टे) सैल पडून खड्डे दिसले की बहुधा एका दिवसात विते. मग ऊठबस, पायाने जमीन उकरणं, चिकट पांढरा स्राव. पहिलारूत हे बारा तास चालू शकतं, तेव्हा हात लावायचा नाही. घड्याळ सुरू करायचं ते जोराच्या कळा आणि पाण्याची पिशवी दिसल्यापासून. अर्धा तास जोर लावूनही पुढे सरकत नसेल तर तपासा. दोन पिलांमध्ये अर्ध्या तासापर्यंतचं अंतर काळजीचं नाही.

नखं कापा, कोपरापर्यंत हात साबणाने धुवा, मोजा घाला, भरपूर लिक्विड पॅराफिन लावा. दोन पुढचे खूर आणि त्यावर टेकलेलं नाक लागलं तर सगळं ठीक आहे, थांबा. पाय पुढचा की मागचा हे सांध्यावरून कळतं: खुरापासून वर जाताना पहिले दोन सांधे एकाच दिशेला वाकले तर पुढचा, उलट दिशेला वाकले तर मागचा. दोन्ही मागचे पाय आधी आले असतील तर सरळ बाहेर येऊ द्या, पण कंबर सुटल्यावर उशीर नको, कारण नाळ आत दाबली जाते आणि पिल्लू पाण्यातच श्वास घेतं. मान मागे वळलेली, एकच पाय आलेला, किंवा तीन पाय हाताला लागले (म्हणजे जुळी एकमेकांत अडकलीत) तर दोन्ही पाय एकाच पिलाचे आहेत का हे छातीपर्यंत बोट नेऊन खात्री केल्याशिवाय ओढायचं नाही. ओढायचं ते फक्त कळेबरोबर, आणि खाली, शेळीच्या गुडघ्यांकडे. पंधरा मिनिटांत जमलं नाही तर थांबा आणि दवाखान्याला किंवा १९६२ ला (जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकाला) फोन करा. फिरत्या पथकाची वाट पाहताना शेळीला उभं ठेवा.

गार पडलेलं करडू. तोंडात बोट घाला. आतून थंड लागलं तर लगेच थर्मामीटर. नेहमीचं तापमान १०२ ते १०३ फॅरेनहाइट. ९९ ते १०२ मध्ये असेल तर पुसून कोरडं करा आणि नळीने चीक द्या. ९९ च्या खाली असेल तर आधी ऊब, मग चीक. गार पोटात दूध पचत नाही आणि मान टाकलेल्या पिलाच्या तोंडात ओतलं तर सरळ फुप्फुसात जातं. पाच तासांपेक्षा मोठं आणि ९९ च्या खाली असेल तर ऊब देण्याआधी पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन लागतं, नाहीतर ऊब मिळताच आचके देऊन मरतं. ते डॉक्टरांनीच द्यायचं. ऊब म्हणजे गरम पाण्याच्या बाटल्या, फडक्यात गुंडाळून, खोक्यात दोन्ही बाजूंना.

नाळ दोन इंच ठेवून कापा. रुंद तोंडाच्या डबीत पोव्हिडोन आयोडीन घेऊन डबी पोटाला टेकवा, करडू उलटं करा, अर्धा मिनिट धरा. बारा तासांनी पुन्हा. वरून दोन थेंब टाकण्याचा उपयोग नाही, नाळ आतपर्यंत भिजायला हवी. हळद-तेल नको.

गाभ पडला तर हात न लावता मोजे घाला, ती शेळी वेगळी बांधा, नमुना तपासायला द्या. ब्रुसेला (गाभ पाडणारा जंतू) माणसालाही होतो, महिनोन्‌महिने ताप येत राहतो. घरातल्या गरोदर बाईने वेताच्या कामात अजिबात पडू नये.

सामान: मोजे, लिक्विड पॅराफिन, पोव्हिडोन आयोडीन, उकळलेला दोरा, नवी ब्लेडं, थर्मामीटर, १४ नंबरची पोटात घालायची नळी, ५० मिलीची सिरिंज, ताणकाटा, जुनी धुतलेली सुती लुगडी. सगळं झाकणाच्या एकाच डब्यात, आणि डबा गोठ्यातच.

---

साक्रीचा मेंढवाडा

मेंढीच्या दोन गोष्टी राहिल्या.

शेळीचं किंवा गाईचं खनिज मिश्रण मेंढीला घालू नका. त्यात तांबं असतं, शेळी-गाय ते पचवतात, मेंढीच्या यकृतात ते साठत जातं. महिनोन्‌महिने काही दिसत नाही, मग विण्याचा ताण आला की एकदम डोळे पिवळे, लघवी लाल-काळी, दोन दिवसांत खलास. मेंढीसाठीचं वेगळं मिश्रण घ्या. खूर धुवायचं मोरचुदाचं (त्यातही तांबंच असतं) पाणीही मेंढ्या पिणार नाहीत अशा जागी ठेवा. तुमची जनावरं एकाच गव्हाणीवर असतील तर खुराक कालवताना मिश्रण घालू नका, शेळ्यांना वेगळं चारा.

दुसरं, कासेभोवतीची आणि शेपटीखालची लोकर विण्याआधी तीन आठवडे कातरा. कोकरू सड समजून लेंडी लागलेली लोकर चोखत बसतं. कातरताना मेंढीला पाठीवर उताणी पाडू नका, उभीच धरा, दोन माणसं लागतील.

मेंढी व्यायली की अर्धा तास लांब राहा. ती चाटत असते, वास ओळखत असते. मध्ये गेलात तर जुळ्यातलं एक सोडून देते. अजून न व्यालेल्या मेंढ्या कधी कधी दुसरीचं कोकरू पळवतात, म्हणून वाघूर (मेंढ्या कोंडायची जाळी) लावून तिला वेगळी करा. पोरकं कोकरू दुसरीला लावायचं असेल तर तिच्या वेताचं पाणी त्याच्या अंगाला, विशेष करून डोक्याला आणि शेपटीला चोळा, तेही ताजं वेत असतानाच. दुसऱ्या दिवशी ती फसत नाही.

आणि सातपुडावाल्या भाऊंनी कपाशीचं सांगायचं राहिलं. बोंडं वेचून झालेल्या कपाशीत सोडाल तर शेवटची फवारणी कधी झाली ते शेतमालकाला विचारा, पंधरा दिवस झाले नसतील तर नको. ज्वारी कापल्यावर बुडातून फुटलेले कोवळे फुटवेही टाळा, उपाशी जनावर त्यावर तुटून पडलं की फुगण्याआधीच जातं.

---

बोरीकाठ (पारोळा)

तारखा भिंतीवर खडूने लिहिल्या. मेंढ्यांची गव्हाण वेगळी करतोय. शेवटची शंका: पहिल्या व्यालेल्या शेळीचा चीक घरच्या फ्रिजमध्ये साठवता येईल का, लाईन जात असताना? आणि नाहीच मिळाला तर गाईचा चालेल?

---

पशुवैद्यक, चोपडा तालुका

चालेल. एकच पिल्लू असलेली, दुधाळ, निरोगी शेळी निवडा. तिच्या पिलाचं पोट भरल्यावर पहिल्या बारा तासांत जो वरचा निघेल तो ५०-५० मिलीच्या स्वच्छ बाटल्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवा, बाटलीवर तारीख. मोठी बाटली नको, वितळवलेलं पुन्हा गोठवता येत नाही. बाटल्यांभोवती पाण्याच्या पिशव्या गोठवून ठेवल्या तर चार-पाच तास लाईन गेली तरी चालतं, दार उघडत बसू नका. वितळवायचं ते हाताला सोसेल एवढ्या कोमट पाण्यात बाटली ठेवून. गॅसवर गरम केला की त्यातलं संरक्षण मरतं आणि त्याचा खरवस होतो.

गाईचा चीक अडीअडचणीला चालतो, पण एकाच गाईचा नको, दोन-तीन गाईंचा मिसळून. क्वचित एखाद्या गाईच्या चिकाने कोकरांचं रक्त कमी होतं, आठ-पंधरा दिवसांनी हिरड्या पांढऱ्या दिसू लागतात. मिसळला की तो धोका उतरतो. माप शेळीच्या चिकापेक्षा सव्वापट धरा, गाईच्या चिकात कोकराला लागणारी ताकद थोडी कमी असते.